पुरस्कारांच्या हंगामात ॲनिमेशनपट: नव्याने पाहू लागणाऱ्यांसाठी वाटाड्या

३ मार्च २०२५, सोमवार. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि लॉस एंजेलिसमध्ये ऑस्करचा सोहळा सुरू होत होता. उत्कृष्ट ॲनिमेशनपटाच्या यादीत पाच नावं होती. त्यातला एक ‘इनसाइड आउट २’. खर्च सुमारे २० कोटी डॉलर, जगभरातली कमाई १६९ कोटी डॉलरच्या घरात. दुसरा ‘फ्लो’. लॅटव्हियासारख्या छोट्या देशातला, सुमारे ३५ लाख युरोंत झालेला, ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर बनवलेला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही संवाद नसलेला. जिंकला ‘फ्लो’.

त्या दिवशी दुपारपर्यंत मला चार-पाच जणांनी तरी विचारलं, की हे झालं कसं? आम्हालाही हे सगळं नीट बघायचंय, सुरुवात कुठून करू? हा लेख त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी. मी बरीच वर्षं हा हंगाम वहीपेन घेऊन बघतोय, आणि जे मला उशिरा कळलं ते तुम्हाला पहिल्याच वर्षी कळावं अशी माझी इच्छा आहे.

पायरी १: ‘लहान मुलांचा सिनेमा’ हा शिक्का पुसा

ॲनिमेशन हा सिनेमाचा विषय नाही, ती सिनेमा करण्याची रीत आहे. हे एकदा मनात पक्कं झालं की पुढचं सगळं सोपं जातं.

खुद्द ऑस्करच्या मंचावरही याचा विसर पडतो. २०२२ च्या सोहळ्यात हा पुरस्कार जाहीर करताना जे बोललं गेलं त्याचा सूर असा होता, की मुलं हे सिनेमे पुन्हापुन्हा बघतात आणि आईबापांना ते सोसावे लागतात. ॲनिमेशनमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसांना ते फार लागलं, त्यांनी ते उघड बोलूनही दाखवलं. आणि त्याच संध्याकाळी त्याच यादीत ‘फ्ली’ होता. अफगाणिस्तानातून पळालेला एक मुलगा डेन्मार्कला कसा पोचला, त्याची खरी कहाणी. त्या माणसाची ओळख लपवायची होती, म्हणून चेहरा कॅमेऱ्याने न टिपता चित्रातून रेखाटला. ‘फ्ली’ला ॲनिमेशनपट, माहितीपट आणि आंतरराष्ट्रीय चित्रपट अशी तीन नामांकनं एकाच वर्षी मिळाली होती. तो कोणी मुलांसाठी लावून देणार नाही.

त्याच वर्षी ॲनिमेशन लघुपटाचा पुरस्कार थेट प्रक्षेपण सुरू व्हायच्या आधीच देऊन टाकला होता, एकूण आठ पुरस्कारांबरोबर. तेव्हा मंचावर काय दिसतं त्यावरून या क्षेत्राची किंमत ठरवू नका.

पायरी २: वर्षाचं वेळापत्रक समजून घ्या

हंगाम मार्चमध्ये संपतो, पण सुरू होतो आदल्या जूनमध्ये, फ्रान्सच्या आन्सी गावात. १९६० पासून तिथे फक्त ॲनिमेशनचा महोत्सव भरतो आणि त्याच्या सर्वोच्च पुरस्काराला क्रिस्टल म्हणतात. २०२४ चा क्रिस्टल ‘मेमॉयर ऑफ अ स्नेल’ या ऑस्ट्रेलियन चित्रपटाला मिळाला. ‘फ्लो’लाही आन्सीत ज्युरीचा आणि प्रेक्षकांचा, असे दोन्ही पुरस्कार मिळाले होते. पुढच्या मार्चमध्ये ऑस्करच्या पाच नावांत हे दोघंही होते. म्हणजे ज्यांनी जूनमध्ये आन्सीची यादी वाचली होती, त्यांना जानेवारीत ही नावं नवी वाटली नाहीत.

नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास ऑस्कर देणारी अकादमी पात्र ठरलेल्या ॲनिमेशनपटांची यादी जाहीर करते. जानेवारीत गोल्डन ग्लोब आणि ऑस्करची नामांकनं. फेब्रुवारीत साधारणपणे ॲनिमेशनवाल्यांचे ॲनी आणि ब्रिटनचे बाफ्टा. मार्चमध्ये ऑस्कर.

वेळेचं एक सांगतो. ऑस्करची नामांकनं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पहाटे साडेपाचला जाहीर होतात, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी सातला. बघायला अगदी सोयीचं. सोहळ्यासाठी मात्र सोमवारी पहाटे उठावं लागतं, आणि अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे सरकतात. सोहळा त्याआधी असेल तर पहाटे साडेपाच, नंतर असेल तर साडेचार. ॲनिमेशनचा पुरस्कार बऱ्याचदा सुरुवातीलाच उरकतात, त्यामुळे ‘जरा उशिरा उठू’ म्हणालात तर तोच हुकेल.

पायरी ३: ‘पात्र’ आणि ‘नामांकित’ यांत गल्लत करू नका

आपल्याकडे बातम्या वाचताना इथेच सगळ्यांची फसगत होते.

‘महावतार नरसिंह’ हा अश्विन कुमार यांचा चित्रपट २५ जुलै २०२५ ला आला आणि थिएटरं भरून चालला. नोव्हेंबरमध्ये अकादमीने पात्र ॲनिमेशनपटांची यादी जाहीर केली, तीत ३५ नावं होती आणि हेही एक होतं. लगेच ‘ऑस्करच्या शर्यतीत’ असे मथळे झळकले. अनेकांना वाटलं, नामांकनच मिळालं. यादीत नाव येणं ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्याचा अर्थ एवढाच की फॉर्म नीट भरला गेला आणि नियम पाळले गेले. नामांकन पाचांनाच मिळतं, आणि त्या पाचांत हा चित्रपट नव्हता.

नियम कोणते? लांबी ४० मिनिटांपेक्षा जास्त हवी. ॲनिमेशन एकूण लांबीच्या किमान ७५ टक्के भागात हवं आणि मुख्य पात्रांपैकी बरीचशी ॲनिमेशनची हवीत. हालचाल एकेक चौकट (फ्रेम) करून घडवलेली हवी. नटाच्या अंगाला सेन्सर लावून टिपलेली हालचाल तेवढ्यावर ॲनिमेशन म्हणून धरली जात नाही. शिवाय लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर, शिकागो, डॅलस आणि अटलांटा या सहा ठिकाणांपैकी एकीकडे चित्रपट सलग सात दिवस थिएटरात चालावा लागतो. रोज किमान तीन खेळ, आणि त्यातला एक संध्याकाळी सहा ते रात्री दहाच्या दरम्यान सुरू होणारा. एखाद्या देशाने आपला अधिकृत चित्रपट म्हणून पाठवलेल्या ॲनिमेशनपटासाठी वेगळी वाटही असते.

हे वाचून कुठल्याही निर्मात्याच्या लक्षात येईल, की पात्र ठरायलासुद्धा अमेरिकेत पैसे आणि माणसं लागतात.

पायरी ४: मत कोण देतं ते पाहा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

ऑस्करमध्ये मतदान दोनदा होतं आणि दोन्ही वेळचे मतदार वेगळे असतात. पाच नामांकनं निवडतात ते अकादमीच्या ॲनिमेशन शाखेचे सदस्य, आणि त्यांच्यासोबत इतर शाखांमधले असे सदस्य जे आपणहून या कामाला तयार होतात आणि ठरवून दिलेले चित्रपट बघतात. ते आवडीच्या क्रमाने नावं लिहितात. पाच नावं ठरली की अंतिम मतदान सगळ्या अकादमीसाठी खुलं होतं. त्यात नट, वेशभूषाकार, संकलक, प्रसिद्धी सांभाळणारे, सगळे आले. तिथे क्रम नाही. एक नाव, एक मत, ज्याला जास्त मतं त्याची ऑस्करची बाहुली.

म्हणूनच मी म्हणतो, नामांकनांची यादी ही या हंगामातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. ज्यांना या कामातलं कळतं आणि ज्यांनी वेळ काढून बघितलंय, त्यांच्या हातून ती येते. विजेता ठरवताना ओळखीचं नाव, मोठ्या स्टुडिओची जाहिरात, घरी मुलांनी काय लावलं होतं, हे सगळं आत शिरतं. वर्षानुवर्षं मतदारांवर आरोप होत राहिला की पाचही न बघता मत टाकतात. अखेर एप्रिल २०२५ मध्ये अकादमीने नियम केला, की ज्या विभागात अंतिम मत द्यायचं त्यातले सगळे नामांकित चित्रपट बघितलेले असले पाहिजेत. तो २०२६ च्या सोहळ्यापासून लागू झाला. मला हा गेल्या कित्येक वर्षांतला सर्वांत चांगला बदल वाटतो.

नामांकनाची पद्धतही कायम अशीच नव्हती. पूर्वी एक ठरावीक समिती हे काम करायची आणि हाताने चित्रं काढलेल्या छोट्या परदेशी चित्रपटांना तिथे चांगली जागा मिळायची. २०१७ मध्ये दार सगळ्या सदस्यांसाठी उघडलं. त्यानंतरच्या पहिल्याच यादीत ‘द बॉस बेबी’ हा मोठ्या स्टुडिओचा विनोदी चित्रपट आल्यावर बरीच नाराजी झाली. पण त्याच यादीत ‘लव्हिंग व्हिन्सेंट’ आणि ‘द ब्रेडविनर’ असे छोटे परदेशी चित्रपटही होते, हे विसरू नये.

आता इतिहास बघा. हा पुरस्कार तसा तरुण आहे. पहिला दिला गेला मार्च २००२ मध्ये, ‘श्रेक’ला. त्याआधी ॲनिमेशनच्या लघुपटांना १९३२ पासून पुरस्कार होता, पण पूर्ण लांबीच्या चित्रपटांना फार तर विशेष सन्मान मिळायचा. ‘स्नो व्हाइट’साठी वॉल्ट डिस्नेंना एक मोठी आणि सात छोट्या बाहुल्या दिल्या होत्या, हे ऐकलं असेलच. २००२ ते २०२५ या २४ सोहळ्यांत पिक्सार या अमेरिकी स्टुडिओने (आता तोही डिस्नेचाच) ११ वेळा आणि डिस्नेच्या स्वतःच्या ॲनिमेशन स्टुडिओने ४ वेळा बाजी मारली. उरलेल्या सगळ्या जगाच्या वाट्याला ९. पण त्या ९ पैकी ३ सलग शेवटच्या तीन वर्षांतले आहेत: गिलेर्मो देल तोरोंचा ‘पिनोकिओ’, हायाओ मियाझाकींचा ‘द बॉय अँड द हेरॉन’ आणि ‘फ्लो’. पहिला बाहुल्या तसूतसूने हलवून केलेला, दुसरा हाताने चित्रं काढून आणि तिसरा संगणकावर, पण मोठ्या स्टुडिओशिवाय. अकादमीने गेल्या काही वर्षांत अमेरिकेबाहेरचे सदस्य मोठ्या संख्येने घेतले, त्याचा हा परिणाम आहे असं माझं मत.

पायरी ५: बाकीचे पुरस्कार वाचायला शिका

नवे लोक ग्लोबचा निकाल लागला की ऑस्करचाही लागला असं समजतात. माझ्या वहीतली तीन वर्षं देतो.

२०१५: ग्लोब आणि ॲनी ‘हाउ टु ट्रेन युवर ड्रॅगन २’ला. बाफ्टा ‘द लेगो मूव्ही’ला. ऑस्करच्या या विभागात ‘लेगो’ला नामांकनसुद्धा नाही, आणि जिंकला ‘बिग हिरो ६’.

२०२०: ग्लोब ‘मिसिंग लिंक’ला, ॲनी आणि बाफ्टा ‘क्लाउस’ला, ऑस्कर ‘टॉय स्टोरी ४’ला.

२०२५: ग्लोब ‘फ्लो’ला, ॲनी ‘द वाइल्ड रोबोट’ला, बाफ्टा वॉलेस आणि ग्रोमिटच्या नव्या चित्रपटाला, ऑस्कर पुन्हा ‘फ्लो’ला.

या सगळ्यांत ॲनीकडे जास्त लक्ष द्या. १९७२ मध्ये जून फोरे या आवाज देणाऱ्या कलावतीच्या पुढाकाराने हे पुरस्कार सुरू झाले, आणि देणारे लोक ॲनिमेशनमध्येच काम करणारे आहेत. तिथे पात्राच्या हालचालीला वेगळा पुरस्कार, पाणी-धूर-आग यांच्या परिणामांना वेगळा, स्टोरीबोर्डला (म्हणजे दृश्यांच्या चित्रांतल्या कच्च्या आराखड्याला) वेगळा. स्वतंत्रपणे केलेल्या चित्रपटांसाठीही वेगळा विभाग आहे, आणि ‘फ्लो’ तिथे जिंकला होता. एखादा चित्रपट नेमका कशात चांगला आहे हे शिकायचं असेल तर ॲनीची पूर्ण यादी घेऊन बसा. मला स्टोरीबोर्ड म्हणजे काय आणि तो चांगला कधी म्हणायचा, हे त्या यादीतले चित्रपट एकामागोमाग एक बघूनच कळलं.

पायरी ६: बघायचं कसं

आधी लघुपट बघा. ऑस्करच्या लघुपट विभागात ४० मिनिटांपर्यंतच्या कामाला जागा असते, आणि नामांकनांआधी १५ जणांची यादी येते. त्यातले बरेचसे इंटरनेटवर कायदेशीरपणे बघायला मिळतात. दोन संध्याकाळींत आटोपण्यासारखं काम आहे.

पहिला कुठला बघू असं विचाराल तर मी ‘बीड गेम’ सांगेन. ईशू पटेल यांचा, १९७७ चा. गुजरातेत जन्मलेले, अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेतून पुढे कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळात गेलेले हे कलावंत. या लघुपटाला ऑस्करचं नामांकन होतं आणि तो मंडळाच्या संकेतस्थळावर पैसे न देता बघता येतो. काळ्या पृष्ठभागावर एक मणी. एकाचे दोन, दोनाचे अनेक. मण्यांचा एक जीव तयार होतो, दुसरा त्याला गिळतो, गिळता गिळता तिसराच होतो. तालवाद्यांच्या ठेक्यावर हे जीव एकमेकांना खात खात माणसापर्यंत आणि माणसाच्या शस्त्रांपर्यंत येतात. पाच-सहा मिनिटांत. आता बघताना हे मनात धरा, की यातला प्रत्येक मणी कुणीतरी हाताने सरकवलाय, मग कॅमेऱ्याचा एक फोटो, मग परत सरकवलाय. ते मनात आलं की ॲनिमेशन बघण्याची नजर बदलते. माझी बदलली.

मग मोठे चित्रपट. प्रत्येक चित्रपटातला एक प्रसंग निवडा आणि तो आवाज बंद करून परत बघा. ‘फ्लो’मध्ये मांजर पहिल्यांदा पाण्यात पडतं तो भाग घ्या. पूर आलेला, मांजर बुडतंय, वर येतंय, कान मागे चिकटलेले, आणि कॅमेरा मांजराच्या उंचीवरच राहतो. दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिस यांनी स्टोरीबोर्ड केलाच नाही. आधी संगणकात जागा उभी केली आणि तिच्यात कॅमेरा घेऊन फिरत फिरत दृश्यं शोधली. म्हणून तो कॅमेरा असा मांजराच्या मागे मागे चाललेला वाटतो. मग आवाज सुरू करा. प्राण्यांचे आवाज खऱ्या प्राण्यांचेच आहेत, पण कॅपिबारा या मोठ्या उंदरासारख्या प्राण्याला त्याचा स्वतःचा आवाज दिलेला नाही. त्याचा खरा आवाज त्या शांत पात्राला शोभेना, म्हणून उंटाच्या पिल्लाचा वापरला.

आमच्या गावातल्या थिएटरात असे चित्रपट आले तरी सकाळी दहाचा एकच खेळ असतो, आणि तोही चौथ्या दिवशी काढतात. त्यामुळे पहिल्या शुक्रवारी नाहीतर शनिवारीच जा. माझे दोन चित्रपट ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणता म्हणता हुकलेत आणि त्याची रुखरुख अजून आहे. मूळ भाषेतला खेळ असेल तर तोच घ्या, मुलं सोबत असतील तर गोष्ट वेगळी.

वहीत प्रत्येक चित्रपटासाठी चार गोष्टी लिहा: देश, तंत्र (हाताची चित्रं, बाहुल्या, संगणक), लक्षात राहिलेली एक हालचाल, आणि निकालाआधीचं तुमचं मत. शेवटची गोष्ट निकालानंतर लिहायची नाही, हे कटाक्षाने पाळा.

पायरी ७: इतर विभागांवर एक नजर

उत्कृष्ट चित्रपटासाठी आजवर तीनच ॲनिमेशनपटांना नामांकन मिळालं: ‘ब्यूटी अँड द बीस्ट’, ‘अप’ आणि ‘टॉय स्टोरी ३’. शेवटचे दोन आले ते नावांची संख्या पाचावरून दहावर नेल्यानंतर. जिंकला कुणीच नाही. पटकथेची नामांकनं बरीच, पण तिथेही विजय नाही. गाणं आणि संगीत यांत मात्र ॲनिमेशनपट वरचेवर जिंकतात. वेगळा विभाग मिळाल्यामुळे ॲनिमेशनला हक्काची जागा मिळाली खरी, पण ‘त्यांचं त्यांना तिकडे मिळतंच की’ असं म्हणायची सोयही झाली, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

पायरी ८: आपल्याकडचं विसरू नका

दूरदर्शनवर ‘एक अनेक और एकता’ पाहत मोठी झालेली पिढी आपल्या घराघरांत आहे. १९७४ चा हा छोटा ॲनिमेशनपट विजया मुळे यांनी केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे किती जणांना ठाऊक असतं? मुंबईच्या जे.जे.मधून शिकलेल्या गीतांजली राव यांचा ‘प्रिंटेड रेनबो’ २००६ मध्ये फ्रान्सच्या कान महोत्सवातल्या क्रिटिक्स वीक या समांतर विभागात तीन पुरस्कार घेऊन आला. त्यांचा ‘बॉम्बे रोज’ २०१९ मध्ये व्हेनिस महोत्सवातल्या क्रिटिक्स वीकचा उद्घाटनाचा चित्रपट होता. मुंबईचे रस्ते, फुलं विकणारी मुलगी, आणि प्रत्येक चौकट रंगवलेली. तो जरूर बघा.

आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत ॲनिमेशन आता व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक यांच्यासोबत एकाच विभागात आहे. ७० व्या पुरस्कारांत तिथे ‘ब्रह्मास्त्र’ होता आणि ७१ व्यात ‘हनु-मान’. दोन्ही खऱ्या नटांचे, इफेक्ट्सनी सजवलेले चित्रपट. ॲनिमेशनला पुन्हा स्वतःचा विभाग मिळायला हवा. पडद्यावर पूर्ण माणूस शून्यातून उभा करणं आणि खऱ्या नटामागे आग लावणं, या दोन वेगळ्या कला आहेत. दोन्हींचा मान राखायचा तर त्यांना वेगळं मोजलं पाहिजे.

वाचणाऱ्यांत कुणी स्वतः लघुपट करत असेल तर ऑस्करला पात्र होण्याच्या तीन वाटा आहेत. अकादमीच्या यादीतल्या एखाद्या महोत्सवात ठरलेला पुरस्कार जिंकणं, अमेरिकेतल्या त्या शहरांपैकी एकात थिएटरात सात दिवस खेळ लावणं, किंवा विद्यार्थी असाल तर स्टुडंट अकादमी पुरस्काराचं पदक. आपल्यासारख्यांना पहिली वाट परवडते. मात्र महोत्सवांची यादी आणि प्रत्येकातला कोणता पुरस्कार धरला जातो, हे दोन्ही बदलत असतं. प्रवेश शुल्क भरण्याआधी अकादमीच्या संकेतस्थळावर त्या वर्षाची यादी उघडा, तुमच्या महोत्सवाच्या नावापुढे ॲनिमेशनचा पुरस्कार लिहिलेला आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि मगच पैसे भरा.